पोहणारा बुडत न्हाई

कौसाआत्याचं ज्याच्याशी कधी भांडण झालं नाही असं वाडीत एकच घर होतं, आणि त्या घराला कुलूप होतं. घरातली माणसं कधीची पुण्याकडं कामाला गेलेली. बदली होऊन मी वाडीच्या शाळेवर निघालो, तेव्हा राणीसावरगावच्या फाट्यावरच्या चहावाल्यानं हे मला सांगितलं. राहायला खोली कुठं मिळेल असं विचारलं होतं, एवढंच. तो म्हणाला, "खोली हाय गुरुजी, कौसाआत्याकडं. चांगली हाय, हवेशीर हाय. पर तुमी बोलायला कसे हाव?"

मला प्रश्न कळला नाही. आठ दिवसांत कळला.

आत्या तेव्हा साठीची असेल. उंच, वाळलेली, लुगड्याचा काष्टा घट्ट. चालताना पुरुषासारखे हात पाठीमागं बांधायची. माणसाला बघायची तेसुद्धा पायापासून वर, मेंढरू विकत घेताना बघतात तसं. मी पेटी खाली ठेवली तर म्हणाली, "डावा गुडघा दुखतो का तुमचा?" दुखत होता. "मंग खाटंवर निजा. भुईवर निजू नगा." एवढं बोलून ती गेली. माझं नाव, गाव, जात, पगार यांतलं काही तिनं विचारलं नाही. त्या वाडीत माझा गुडघा आधी आणि मी नंतर रुजू झालो.

तिचा एक शब्द होता, "कामून?" म्हणजे का, कशासाठी. सरपंच म्हणाला, आज नळ येणार नाही. कामून? कंडक्टर म्हणाला, गाडी फाट्यावर थांबणार नाही. कामून? मी म्हणालो, उद्या शाळेला सुट्टी. कामून? आवाज चढवायची नाही. नुसता शब्द ठेवायची आणि उत्तराची वाट बघत उभी राहायची. चुकीचं उत्तर दिलं तरी चालायचं, पण "असंच असतंय" म्हटलेलं तिला चालायचं नाही. "असंच काय नसतंय," म्हणायची, "मेंढरू लंगडलं तर खुरात काटा असतो. दिसंना म्हनून नसतो व्हय?"

ती वाडीची लेक होती, म्हणून सगळ्यांची आत्या. माहेरी कशी राहिली ते तिनं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, दारात बसून भाकरी खाता खाता, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं. लग्नाला तीन महिने झाले होते. एक बैल दावं तोडून अंगावर आला. ती पळाली, आणि पळता पळता शुद्ध हरपून पडली. पुढं पाण्याला जाताना पुन्हा तसंच झालं. सासरचे आधी म्हणाले मिरगी, मग म्हणाले बाहेरचं. नाकाला चप्पल लावली, कांदा लावला. भगत आणला. त्यानं लिंबाच्या डहाळ्यांनी झोडायला सुरुवात केली. तिसऱ्या फटक्याला हिनं डहाळी धरली आणि विचारलं, "कामून मारायलास?" भगताच्या उभ्या आयुष्यात कुणी हे विचारलं नसावं. तो उठून गेला.

सासरच्यांनी ठरवलं, बापानं खोट झाकून पोरगी दिली, तिला परत धाडा. लग्नात बापानं सहा मेंढ्या दिल्या होत्या. सासू म्हणाली, मेंढ्या इथंच राहतील. आत्या म्हणाली, "मेंढ्या माझ्या बापाच्या, खोट बी माझ्या बापाची. दोनी घिऊन चालले." आणि दोन दिवस चालत ती सहा मेंढ्यांसह वाडीवर आली. त्या सहाच्या पुढं सत्तर झाल्या.

त्या सत्तरांमधल्या प्रत्येकीची आई, आजी, पणजी तिला पाठ होती. मी एकदा गंमत म्हणून वहीत लिहायला घेतलं, तर अर्ध्या तासात माझाच गोंधळ उडाला. ती न थांबता सांगत होती. कुणाचं दूध पातळ, कुणाला जुळी होतात, कुणाच्या कानाला दुमड आहे आणि ती दुमड कुणाकडून आली. तिच्याकडं एक देखणा एडका होता, काळ्या तोंडाचा, रुंद छातीचा. बाजारात लोक थांबून बघायचे. पण एका हंगामात त्याची तीन कोकरं खालचा जबडा आखूड घेऊन जन्मली. त्यांना पिता येईना, मेली. आत्यानं ते लक्षात ठेवलं. पुढच्या हंगामात आणखी दोन. दोन्ही वेळा आया वेगवेगळ्या होत्या, बाप एकच. तिनं एडका काढायचा ठरवला. सेलूकडचा एक मेंढपाळ हात जोडून मागत होता, मला द्या म्हणून. हिनं त्याला दिला नाही, खाटकाला दिला. तिचा धाकटा भाऊ विठोबा दोन दिवस जेवला नाही. आत्या त्याला म्हणाली, "देखना हाय म्हनून दुसऱ्याच्या कळपात खोट घालू का? त्येला काय दिसतंय आतलं?"

हे मी सविस्तर सांगतोय, कारण पुढं जे झालं ते या बाईला मेंढ्या कळत होत्या म्हणून झालं.

विठोबाला धाकटी मुलगी मनीषा आणि थोरला मुलगा सुदाम. सुदाम वीस वर्षांचा होता. पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे फाट्यापर्यंत पळत जायचा. एकदा पळताना पडला, तेव्हा सगळे म्हणाले उपाशीपोटी पळतो म्हणून. मीही म्हणालो. पोहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वाडीतल्या निम्म्या पोरांना त्यानं पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकवलं होतं. माझ्या वर्गातली पोरं परीक्षेत काठावर सुटायची, पण विहिरीत उलटी उडी मारायची, ती याच्यामुळं.

उन्हाळ्याची दुपार होती. मी शाळेत निकालपत्रकं लिहीत बसलो होतो. आरडाओरडा ऐकू आला. मी विहिरीवर पोचलो तेव्हा सुदामला वर काढलं होतं. त्याचा मित्र भानुदास काठावर ओल्या कपड्यानं बसला होता आणि सारखं तेच ते सांगत होता. सुदामनं वरून उडी मारली, वर आला, हसला. तिकडच्या भिंतीला हात लावून परत फिरला. मध्यावर आला आणि दगडासारखा खाली गेला. "हात बी मारला न्हाई," भानुदास म्हणत होता, "एक बी हात मारला न्हाई."

त्या विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड आहेत, आसरांचे. पाण्यातल्या बाया त्या. वाडीत कुणालाही विचारा, सांगतील की आसरा तरणा पोरगा बघून नेतात. याच विहिरीत वीस-बावीस वर्षांपूर्वी आत्याचा सगळ्यात धाकटा भाऊ मारुती गेला होता, तोही अठरा वर्षांचा, तोही पट्टीचा पोहणारा. त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही, सगळे नुसते घाबरले. नारळ आणायला माणूस गेला. पोलीस पाटील म्हणाला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालंय, माती उरकून घ्या.

तेवढ्यात आत्या माळावरून आली. कुणीतरी सांगायला पळालं होतं. ती रडली नाही. सुदामजवळ गुडघ्यावर बसली, त्याला कुशीवर केलं, पोटावर दाबलं. तोंडातून थोडंसं पाणी आलं. फारच थोडं. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, केस मागं सारले आणि वर बघून म्हणाली, "पोहणारा बुडत न्हाई."

तिनं सुदामच्या छातीवर हात ठेवला.

"मारुती बी बुडाला न्हाई. हे बी न्हाई बुडालं. ही पोरं आधी मेली आन् मंग खाली गेली. कामून मेली?"

तुकारामतात्या, म्हणजे तिच्या बापाचा चुलतभाऊ, भावकीतला वडीलधारा माणूस, तो पुढं झाला. "कौसे, ही येळ हाय का? उठ."

ती माझ्याकडं वळली. "गुरुजी, पोलिसाला फोन लावा. पोस्टमार्टम करायचंय म्हनावं."

मी परगावचा माणूस. माझा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला. सगळी वाडी माझ्याकडं बघत होती. आत्या म्हणाली, "लावून तर द्या. बोलते मी." मी नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. त्या दिवशी मी केलं ते एवढंच.

विठोबा तिच्या पायाशी बसला. "आक्का, पाया पडतो. माझ्या लेकराला फाडू नगं."

"इठोबा, मारुतीला न फाडता माती दिली. कळलं का काय झालं? दिलं आसरांवर ढकलून. तवा कळलं असतं तर ह्यो आज पान्यात गेला नसता." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. तिनं तो आवरला. "मनीषा हाय अजून घरात. ती बी पळती, पोहती. तिची बी वाट बघायची का?"

तुकारामतात्या तेव्हा जे बोलला ते सगळ्यांनी ऐकलं. "वांझोटीला काय ठावं पोटच्या गोळ्याचं."

आत्या त्याच्याकडं वळली. मग म्हणाली, "न्हाई ठावं. म्हनून तर इचारायले, तात्या."

आणि गाडी येईपर्यंत ती सुदामपाशी मांडी घालून बसली. कुणाची त्याला उचलायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरबाई तरुण होत्या, मनीषापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. बाहेर येऊन म्हणाल्या, "बुडून गेला असं मला खात्रीनं म्हणता येत नाही. पण दुसरं कारणही दिसत नाही. हृदय दिसायला चांगलं आहे. मेंदू चांगला आहे. काही सापडलं नाही."

भावकीतले लोक एकमेकांकडं बघायला लागले. झालं समाधान, असा अर्थ त्या बघण्यात होता. विठोबा भिंतीला टेकून खाली बसला. आत्या मात्र हलली नाही.

"बाई, सापडलं न्हाई म्हंजे काय नव्हतं, असं हाय का?"

डॉक्टरबाई थांबल्या. त्यांनी तिला नीट पाहिलं. "नाही आत्या, असं नाही. हृदय चालतं ते विजेवर. थांबलेल्या हृदयात ती वीज दिसत नाही. ती जिवंत माणसातच दिसते." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात असं आणखी कुणी गेलंय? अचानक, तरणं?"

आत्यानं सांगायला सुरुवात केली. बाप, चाळिशीचा, मेंढरांमागं लांडगा लागला म्हणून पळाला आणि बांधावर पडला. मारुती, विहिरीत. चुलतबहीण, सोळा वर्षांची, फटाक्याला दचकली आणि उठलीच नाही. आता सुदाम. "आन् मी. मी बी पडायचे. मला मिरगी म्हनले."

मेंढ्यांची पिढ्यान् पिढ्यांची नावं सांगताना तिचा जो सूर असे, त्याच सुरात ती हे सांगत होती. मला वाटतं, सांगता सांगताच तिला ते आखूड जबड्यासारखं ओळीनं दिसलं. डॉक्टरबाई कागदावर लिहीत होत्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "घरातल्या एकूण एक माणसाला परभणीला घेऊन जा. हृदयाचा आलेख काढा. लहानातल्या लहान पोरापर्यंत. आणि तोवर कुणी पोहायचं नाही, पळायचं नाही."

दहावा झाला आणि आत्या भावकीत दारोदार फिरायला लागली. लोक म्हणायचे, आम्हाला काही होत नाही. ती म्हणायची, "सुदामला बी काय होत नव्हतं." लोक म्हणायचे, नसतं काही निघालं तर? ती म्हणायची, "निघालं तर इलाज हाय म्हनायलेत डॉक्टरबाई. न्हाई निघालं तर परभनी बघून येताल." ज्यांनी दार लावलं त्यांच्या ओट्यावर ती बसून राहिली. शेवटी ज्या टेम्पोतून ती मेंढ्या बाजाराला न्यायची त्याच टेम्पोत सतरा माणसं भरून ती परभणीला निघाली. मी पुढं ड्रायव्हरशेजारी होतो, कागद वाचायला. तुकारामतात्या आला नाही, पण त्याच्या सुनेनं आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, राणीला, आणून गुपचूप टेम्पोत बसवलं.

हृदयाच्या डॉक्टरांकडं पोचल्यावर वेगळीच अडचण आली. छातीला तारा लावायच्या म्हटल्यावर बायका उठून बाहेर जायला लागल्या. आत्या म्हणाली, "आधी माझा काढा," आणि पडदा ओढून घेतला. आतून तिचा आवाज आला, "गार लागतंय नुसतं. मेंढराला लस टोचताना जास्ती दुखतंय." बाहेर एक-दोघी हसल्या आणि परत बसल्या.

तिच्या आलेखाचा कागद डॉक्टरांनी पट्टी लावून मोजला. पुन्हा मोजला. मग दुसरा काढायला सांगितला. तोही मोजला. मी शेजारी उभा होतो. डॉक्टर म्हणाले, "आत्या, तुमचं वय काय?"

"साठ आसंल."

"तुम्ही साठ वर्षं कशा राहिलात हे मला सांगता येणार नाही."

"ते मला बी सांगता येत न्हाई," आत्या म्हणाली. "कामून पडायचे ते सांगा."

त्यांनी सांगितलं. चांगलं सांगितलं, घाई केली नाही. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार होतं. या घरातल्या काही जणांचं हृदय तयार व्हायला जास्त वेळ घेतं. एरवी चालून जातं. पण माणूस पळाला, पाण्यात हात मारायला लागला, दचकला, की ठोके भराभर मागतात आणि हृदयाची तयारी नसते. मग ते नुसतं थरथरतं. वेळेत सुटलं तर माणूस उठतो आणि लोक त्याला मिरगी म्हणतात. सुटलं नाही तर जातो. "हे रक्तातून येतं. बापाकडून, आईकडून. निम्म्या लेकरांत येतं, निम्म्यांत येत नाही. रोज गोळी घेतली, पोहणं-पळणं सोडलं, काही औषधं टाळली, तर बहुतेक माणसं आयुष्य काढतात."

सतरांपैकी चौघांचे कागद तसे निघाले. आत्या, विठोबा, मनीषा आणि राणी.

परतताना गंगाखेडला टेम्पो थांबवला. सगळे चहा पीत होते, विठोबा खाली उतरला नाही. आत्या त्याच्यापाशी गेली. तो म्हणाला, "मीच दिलं पोराला. माझ्यातून गेलं." मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, त्या एडक्यावानी मला बी खाटकाला घाल."

आत्या टेम्पोची फळी धरून वर चढली आणि त्याच्याशेजारी बसली. मग म्हणाली, "एडक्याला गोळी नव्हती रे इठोबा. तुला हाय."

विठोबा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. सुदाम गेल्यापासून तो रडला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी आत्या हळदकुंकू आणि खण घेऊन विहिरीवर गेली. मला वाटलं, नवस फेडायला निघाली. परतल्यावर विचारलं तर म्हणाली, "न्हाई वो. माफी मागून आले बायांची. इतके साल उगंच त्यायच्यावर आळ घेतला आमी." यात तिला काही विनोद दिसत नव्हता.

गोळ्यांची सगळी व्यवस्था तिनं स्वतःच्या हातात घेतली. सकाळ-संध्याकाळ बाकी तिघांनी तिच्या दारात यायचं आणि तिच्यासमोर गिळायची. राणीला तुकारामतात्या घेऊन यायचा. तो आत्याशी बोलायचा नाही, झाल्या गोष्टीबद्दल माफी त्यानं कधी मागितली नाही, तिनंही ती अपेक्षिली नाही. पण पावसात, थंडीत, त्याचा नेम कधी चुकला नाही. राणी गोळी गिळेपर्यंत दुसरीकडं बघत उभा राहायचा.

टाळायच्या औषधांची यादी डॉक्टरांनी इंग्रजीत दिली होती. मी ती मराठीत मोठ्या अक्षरांत उतरवली. आत्याला वाचता येत नव्हतं, पण तो कागद ती कमरेच्या पिशवीत ठेवायची. राणीला ताप आला म्हणून एकदा तिला एका खासगी डॉक्टरकडं नेलं. त्यानं सुई भरली. आत्यानं त्याचा हात धरला. "आधी कागद वाचा, मंग सुई." तो चिडला. डॉक्टर तुम्ही आहात की मी, म्हणाला. आत्या म्हणाली, "तुमीच हाव. म्हनून तर वाचा म्हनायले. मला वाचता येत न्हाई." त्यानं वाचलं. मग सुई बाजूला ठेवली आणि दुसरं औषध दिलं. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "माणूस चांगला हाय. कुनी इचारतच न्हाई त्येला."

तिची खरी परीक्षा मनीषाचं लग्न ठरवताना झाली. मनीषा गंगाखेडला कॉलेजात जायची. वीस पूर्ण झाली आणि स्थळ आलं, चांगलं, शेती असलेलं. भावकीनं ठरवलं, गोळीबद्दल बोलायचं नाही. रोज गोळी तर घ्यायची, कुणाला काय कळतंय. मनीषाची आई आत्याच्या हाता-पाया पडली. आत्या काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं म्हणजे होकार नव्हे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाहुणे बसले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या मामानं विचारलं, मुलीला काही आवडनिवड? आत्यानं पिशवीला हात घातला. पण त्याआधीच मनीषा बोलली. "मला पोहायला लय आवडतंय. पर आता पोहत न्हाई," ती म्हणाली, आणि शांतपणे सगळं सांगितलं. भावाचं, विहिरीचं, कागदाचं, गोळीचं. उद्या मूल झालं तर त्याचाही कागद काढावा लागेल, हेही सांगितलं. आत्याचा हात पिशवीतच राहिला.

पाहुणे माणसं सभ्य होती. कळवतो म्हणाली. कळवलं नाही.

ते गेल्यावर मनीषाची आई आत्यासमोर उभी राहिली. "तुमचं मोडलं म्हनून हिचं मोडायलाव का?"

आत्या म्हणाली, "माझं मोडलं ते कुनालाच काय ठावं नव्हतं म्हनून. हिचं ठावं असून मोडलं. ह्यात फरक हाय. ही लिंबाचा मार खानार न्हाई." बोलली ताठपणे. पण नंतर मी मेंढ्यांच्या वाड्याकडं गेलो तर ती त्यांचे खूर बघत बसली होती. सकाळी सगळ्यांचे खूर बघून झाले होते. मला बघून तिनं तोंड फिरवलं. मी परत फिरलो.

वर्षभरानं दुसरं स्थळ आलं. मनीषानं पुन्हा सगळं सांगितलं. मुलाची आई ऐकून घेत होती. शेवटी तिनं एकच विचारलं, "गोळी जेवायच्या आधी का नंतर?" आत्या त्या बाईकडं पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "द्या पोरगी." मनीषाला आता मुलगा आहे. त्याचा कागद चांगला आला.

आत्या गेल्या साली गेली. न्यूमोनियानं, अंथरुणावर, माणसांच्या मधोमध. हृदय शेवटपर्यंत नीट चाललं होतं. विठोबानं फोनवर सांगितलं आणि म्हणाला, "कामून गेली ते डॉक्टरला नीट इचारून घेतलं, गुरुजी."

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याआधी काही महिने, सेलूला. माझी बदली तिकडं झाली होती. आमच्या शेजारच्या गल्लीतली दहावीतली मुलगी मैदानावर शर्यतीत पळताना पडली आणि गेली. उन्हानं चक्कर आली, असं सगळे म्हणत होते. मी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "पाठीवर कोन हाय तिच्या?" मी म्हणालो, धाकटी बहीण आहे. ती दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीला गाडी बदलून एकटी सेलूला उतरली.

मी तिला मोटारसायकलवरून त्या घरापाशी नेलं. दारात मुलीचा काका उभा होता. "तुमी कोन?"

"मी सोयरी न्हाई. माझ्या घरची चार मानसं अशी गेली. दोन गोष्टी इचारायच्यात."

"ही इचारायची येळ हाय का, बाई?"

"न्हाई," आत्या म्हणाली. "पर ल्हान बहीन हाय म्हनं."

काका भडकला. नाही नाही ते बोलला. मी आत्याचा दंड धरला, चला म्हणालो. तिनं माझा हात सोडवला आणि त्याच घराच्या ओट्यावर, उन्हात, भिंतीला पाठ लावून बसली. काकानं दार लावून घेतलं. मला शाळेची वेळ झाली होती. "तुमी जावा गुरुजी," ती म्हणाली, "मला कुटं घाई हाय."

मी गाडी वळवली, पण पाय निघेना. कोपऱ्यावर थांबून राहिलो. बऱ्याच वेळानं दार थोडं उघडलं. मुलीची आई तांब्या घेऊन बाहेर आली. आत्यानं पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि खालच्या आवाजात तिला काहीतरी विचारलं. ती बाई रस्त्याकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "माझा भाऊ."

आत्यानं सरकून तिला बसायला जागा करून दिली.